भरल्या बोटीचा पंखा

आमच्या मुरबाड तालुक्याला समुद्र नाही. शेजारच्या शहापूरलाही नाही. पाणी मात्र दोन्हीकडे पुष्कळ. शहापूरचा तानसा तलाव १८९२ सालापासून मुंबईची तहान भागवतो आहे आणि मुंबईच्या पाण्यात सर्वांत मोठा वाटा भातसा धरणाचा आहे. उन्हाळ्यात त्याच शहापूरच्या कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेत उभे असतात, ती गोष्ट वेगळी. जिल्ह्याला एकेकाळी लांबच लांब किनारा होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि डहाणू, सातपाटी, अर्नाळा ही कोळ्यांची बंदरे तिकडे गेली. अशा तालुक्यातल्या, तेही कला शाखेच्या, एका मुलीने वेगवान मोटरबोटीला कोणता पंखा लावावा या विषयावर वार्षिकांकात लेख लिहावा, हे पाहून आमचे सर चष्मा पुसून शीर्षक पुन्हा एकदा वाचतील. म्हणून आधी खुलासा करते.

माझे धाकटे मामा मुरबाडच्या बाजारपेठेत विहिरीवरचे पंप आणि मोटारी दुरुस्त करायचे. हात चांगला, पण उधारी मोठी. शेवटी ते मुंबईला गेले आणि तिथून रायगड जिल्ह्यात मांडव्याला. गेटवे ते मांडवा या वाटेवर प्रवासी लाँचा चालतात, तशा लहान वेगवान स्पीडबोटीही चालतात. त्यांची इंजिने दुरुस्त करण्याचे काम मामाला मिळाले. पाण्याच्या पंपाकडून बोटीच्या पंख्याकडे जाणे फारसे अवघड नाही, असे तो म्हणतो. पंप जागेवर उभा राहून पाणी ढकलतो. बोटीचा पंखा पाणी ढकलता ढकलता स्वतःच पुढे जातो, एवढाच फरक.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले, ती एका खास कामासाठी. इंजिनाबरोबर आलेले पुस्तक इंग्रजीत होते. मामाचे शिक्षण दहावीपर्यंत. इंजिनाचा आवाज ऐकून तो रोग सांगायचा, पण छापील पानापुढे गप्प व्हायचा. “तुझी भाची इंग्लिश घेऊन बी. ए. करतेय ना? मग बोलाव तिला,” असे मामीने सुचवले. घरी आत्याचा नेहमीचा प्रश्न होताच, “आर्ट्स करून पुढे काय करणार?” त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हते. निदान दहा दिवसांपुरते काम मिळाले म्हणून मी कपडे आणि शब्दकोश पिशवीत भरले.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा म्हणजे पंख्याचा व्यास. दुसरा म्हणजे पिच. या पिचला चटकन कळेल असा मराठी शब्द मला सापडेना. मामाने तो शब्दाशिवायच समजावला. त्याने एक लाकडी फळी घेतली, एक स्क्रू घेतला आणि पेचकसाने एक पुरता फेरा दिला. “बघ, किती आत गेला?” स्क्रूच्या आट्या जितक्या लांब लांब, तितका तो एका फेऱ्यात जास्त आत जाणार. पंख्याचेही तेच. पाणी फळीसारखे घट्ट असते, तर १९ पिचचा पंखा एका फेऱ्यात बोटीला १९ इंच पुढे नेता. पाणी तसे नसते. ते मागे सरकते. म्हणून प्रत्यक्षात बोट त्याहून कमी जाते. या तुटीला पुस्तकात स्लिप म्हटले आहे. मी माझ्या वहीत ‘घसर’ असे लिहिले. मामाला तो शब्द आवडला.

पंख्याला स्क्रू म्हणण्याची पद्धत फार जुनी आहे. इंग्लंडात फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाचा एक शेतकरी होता. त्याने एका लहान बोटीला लाकडी स्क्रू बसवला होता, चांगले दोन पूर्ण वेढे असलेला. १८३७ साली कालव्यात चाचणी चालली असताना तो स्क्रू कशावर तरी आपटून अर्धा मोडला. बोट थांबेल असे वाटले होते. ती उलट जास्त वेगाने धावू लागली! पंख्याच्या बाबतीत जास्त म्हणजे चांगले, हे खरे नाही, याचा पहिला धडा एका शेतकऱ्याने दिला. आम्हा मुरबाडकरांना ही गोष्ट आवडायला हरकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. बावीस फुटी फायबरची एक नवी बोट होती. मागे दोनशे हॉर्सपॉवरचे पेट्रोल इंजिन. चालक सोडून दहा प्रवासी बसायचे. मालकाने, त्यांना सगळे शेठ म्हणत, तिला १९ पिचचा चकचकीत स्टीलचा पंखा आणला होता. चालक आणि शेठ असे दोघेच बसून समुद्रात गेले आणि ताशी ७२ किलोमीटरचा वेग घेऊन आले. शेठ खूश झाले. दुसऱ्याच दिवशी रंगाऱ्याला बोलावून ‘पंधरा मिनिटांत मांडवा’ असा फलक लिहून घेतला.

मामा मात्र खूश नव्हता. त्याला प्रवासी भरलेल्या बोटीचा आवाज ऐकायचा होता.

त्या इंजिनाच्या पुस्तकात एक वाक्य ठळक अक्षरांत होते. मी ते मराठीत असे लिहून दिले : “बोटीत नेहमीचे ओझे असताना थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर इंजिनाचे फेरे मिनिटाला ५००० ते ६००० यांच्या दरम्यान आले पाहिजेत.” मामाने ते दोनदा वाचायला लावले आणि ‘नेहमीचे ओझे’ या शब्दांवर बोट ठेवले. “रिकामी बोट हे नेहमीचं ओझं हाय का?” असे तो म्हणाला.

प्रवाशांवर प्रयोग करायचा नाही, हा त्याचा नियम. म्हणून आम्ही युरियाच्या रिकाम्या गोण्या गोळा केल्या आणि काट्यावर तोलून प्रत्येकीत पन्नास किलो वाळू भरली. माणशी पंचाहत्तर किलो धरून दहा माणसांच्या पंधरा गोण्या झाल्या. मामाने त्या ढीग करून टाकल्या नाहीत. जिथे जिथे माणसे बसतात, तिथे तिथे मांडल्या. वजन पुढे की मागे यानेही बोटीची चाल बदलते. पहाटे वारा पडलेला असताना, प्रवासी बोटींच्या वाटेपासून दूर, जाकिटे घालून आम्ही निघालो. “मुलीला कशाला नेतोस?” असे एकजण धक्क्यावरून म्हणालाच. “वही कोण लिहील? तू?” असे मामाने विचारल्यावर तो गप्प बसला.

प्रत्येक धाव दोनदा घ्यायची : एकदा भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर, एकदा तिच्या विरुद्ध, आणि दोन्हींची सरासरी काढायची. नाहीतर पाण्याची कमाई पंख्याच्या नावावर जमा होते. माझ्या वहीतले आकडे असे : १९ पिच, भरलेली बोट, फेरे फक्त ४५००, वेग ताशी ५४. आणि बोटीचे नाक खाली येऊन ती पाण्यावर उचलायला लागलेला वेळ, १९ सेकंद. एरवी मऊ गुणगुणणारे इंजिन त्या १९ सेकंदांत कण्हत होते. हा शब्द माझा. मामा फक्त “ऐक” एवढेच म्हणाला.

संध्याकाळी कंदिलाखाली नव्हे, मोबाइलच्या उजेडात आम्ही हिशेब मांडला, कारण वीज गेली होती. रिकाम्या बोटीचे फेरे ५४००. गिअरमधून ते १.८६ पटीने कमी होऊन पंख्याला मिळतात सुमारे २९००. प्रत्येक फेऱ्याला १९ इंच म्हणजे सव्वाअठ्ठेचाळीस सेंटिमीटर. मिनिटाला चौदाशे मीटर, तासाला ८४ किलोमीटर. प्रत्यक्षात ७२ मिळाले. म्हणजे घसर शेकडा १४. एवढी चालते. भरल्या बोटीत मात्र कागदावर ७० यायला हवे होते आणि आले ५४. घसर जवळजवळ शेकडा २३! पंखा मोठे घास घेत होता, पण त्याला ते गिळवत नव्हते.

ज्यांना आकड्यांचा कंटाळा येतो, त्यांच्यासाठी माळशेज घाटाची साक्ष काढते. भरलेली एस. टी. चढणीला लागली की ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो. वरच्या गिअरमध्येच रेटले, तर गाडी हादरे देते आणि इंजिन तापते. बोटीला असे पाच गिअर नसतात. पुढे, मागे आणि मोकळी, एवढेच. तिचा खरा गिअर म्हणजे पंख्याचे पिच, आणि ते किनाऱ्यावरच ठरवावे लागते. समुद्रात मध्येच बदलता येत नाही. मोठ्या पिचचा पंखा म्हणजे कायमचा वरचा गिअर. इंजिन पुरते फिरत नाही, पेट्रोल मात्र पीत राहते, आतली उष्णता वाढते, आणि असे महिनोन्महिने झाले की ते एक दिवस बंद पडते. कुठे बंद पडेल, हा प्रश्न महत्त्वाचा. मांडव्याच्या वाटेवर मोठी मालवाहू जहाजे ये-जा करतात आणि त्यांना पटकन थांबता येत नाही. दुसऱ्या टोकाला, पिच फार लहान घेतले, तर इंजिन मर्यादेपलीकडे भणाणते. त्यानेही त्याचे आयुष्य कमी होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण पंख्यालाही लागू आहे.

पुस्तकात असाही आडाखा होता की पिच एक इंच कमी केले, की फेरे साधारण दीडशे ते दोनशेने वाढतात. मामाने ओळखीच्यांकडून दोन पंखे उसने आणले. १७ पिचने भरल्या बोटीत ४८५० फेरे आले. अजून थोडे कमी. १५ पिचने ५२५० आले, छान. पण रिकाम्या बोटीत काटा ६१०० वर गेला, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. हवा होता मधला, १६. मामाने १७ चा एक पंखा मुंबईतल्या एका जुन्या कारागिराकडे नेला. त्याने पाती तापवून, साच्यावर ठेवून, ठोकून एका इंचाने पिच उतरवले आणि तिन्ही पाती समतोल करून दिली. खर्च मामाने पदरचा केला. मामीला ते परत येईपर्यंत सांगितले नाही.

१६ पिच, भरलेली बोट : फेरे ५०५०, उचलायला ८ सेकंद, वेग ताशी ५७. म्हणजे ‘लहान’ पंख्याने भरलेली बोट ‘मोठ्या’ पंख्यापेक्षा तीन किलोमीटर जास्त वेगाने गेली. घसर शेकडा १४ वर उतरली. रिकाम्या बोटीचे फेरे ५९०० झाले, मर्यादेच्या आत, आणि वेग ६८. रिकामेपणी चार किलोमीटर गमावले होते.

शेठना ते चारच दिसले. “लोक वेग बघतात. मी फलक लावलाय,” ते म्हणाले. मामा त्यांचा नोकर. मामीची शिलाई आणि मामाचा पगार यावर घर चालते. “शेठ, तुम्ही म्हणाल तो पंखा लावीन,” असे तो म्हणाला असता, तर कोणी त्याला दोष दिला नसता. तो म्हणाला, “शेठ, आमच्याकडं म्हशाला पौष पौर्णिमेला जत्रा भरते. हजारो बैल येतात. मोकळा बैल सगळाच उड्या मारतो. पण माझा बाप कधी मोकळ्या बैलाचे पैसे देत नव्हता. आधी गाडीला जुंपायचा.” मग माझ्याकडे वळून त्याने सांगितले, “वाच गं ते.” मी पुस्तकातले ते वाक्य आधी इंग्रजीत आणि मग मराठीत वाचले. हात थोडे थरथरत होते. शेठनी पुस्तक माझ्या हातातून घेतले, पान स्वतः पाहिले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, “संक्रांतीपर्यंत हा चालव. धंदा घटला, तर पंख्याचे पैसेही मिळणार नाहीत आणि पगारातूनही कापीन.”

मला वाटे, हे सगळे गरीब प्रवासी बोटीपुरते असेल. शर्यतीच्या बोटींना मोठ्यात मोठा पंखाच लागत असेल. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली होती, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये अमरावतीला, म्हणजे आपल्या विदर्भातल्या नव्हे, आंध्रातल्या अमरावतीला, कृष्णा नदीवर फॉर्म्युला वन बोटींची. त्यांच्याविषयी मिळेल ते वाचले. तिथेही कसोटी तीच. वळणे जास्त असतील, तर वळणातून बोट चटकन उसळावी म्हणून पिच कमी. सरळ धाव लांब असेल, तर जास्त. लाटा, टाकीतले पेट्रोल, पाण्यातून इंजिन किती वर उचलले आहे, साऱ्यांचा हिशेब होतो. शर्यतीचे संघ अनेक पंखे बरोबर नेतात ते यासाठीच. शर्यतीत बोटीचे नेहमीचे ओझे वेगळे असते, इतकेच; ओझ्याकडे डोळेझाक तिथेही चालत नाही.

नुसती शक्ती वाढवून वेग मिळत नाही, हे इंग्लंडात चार्ल्स पार्सन्स यांना त्याहून आधी कळले होते. त्यांनी १८९४ साली ‘टर्बिनिया’ नावाची बोट वाफेच्या टर्बाइनवर चालवली. पंखा इतक्या जोराने फिरे की पात्यांमागचा दाब घसरून थंड पाण्यातच वाफेचे बुडबुडे उठत आणि पंखा पाण्याऐवजी पोकळीत फिरे. त्यांनी एक पंखा काढून तीन दांड्यांवर नऊ लहान पंखे बसवले. १८९७ साली तीच बोट ३४ नॉटच्या, म्हणजे ताशी ६३ किलोमीटरच्या, वेगाने राणीच्या आरमारी सोहळ्यात घुसली आणि तिला कोणी गाठू शकले नाही.

चाचणी म्हणजे पोरखेळ नव्हे, हे आम्हाला नंतर फार कडू रीतीने पटले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान बोट आदळली आणि दहाहून अधिक माणसे गेली. त्या रात्री मी मामाला फोन केला. प्रवासी बोटींच्या वाटेपासून दूर, पहाटे, गोण्या घालून चाचणी घेण्याचा त्याचा हट्ट तेव्हा मला भित्रेपणाचा वाटला नाही.

या साऱ्याचा आमच्या बिनसमुद्राच्या तालुक्यांशी काय संबंध, असे कोणी विचारील. २७ जुलै २०१९ आठवा. बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. आमच्या शेजारचाच तालुका तो. हजाराहून अधिक प्रवासी आत होते, त्यांत गरोदर बायकाही होत्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि नौदलाचे जवान रबरी बोटी घेऊन आले आणि सर्वांना सुखरूप काढले. टीव्हीवर ती दृश्ये पाहताना मी शाळेत होते आणि बोटींकडे केवळ बोटी म्हणून पाहत होते. आता त्यातले एक साधे सत्य दिसते. सुटकेची बोट जाते रिकामी आणि येते भरून. तिचा पंखा जाण्याच्या फेरीसाठी निवडून चालत नाही. परतीच्या फेरीसाठी निवडावा लागतो. काठावर उभे राहून पाहणाऱ्यांना जाणारी बोट झपाट्याने गेलेली आवडते. बोटीत बसलेल्या बाईला मात्र ती परत कशी येते, एवढेच हवे असते.

वर्गातल्या मैत्रिणींकडे पाहतानाही कधीकधी हे आठवते. कोणी टोकावड्याहून एस. टी.ने येते, कोणी किन्हवलीहून. कोणी लावणी उरकून उशिरा वर्गात शिरते, कोणी धाकट्या भावाची फी भरण्यासाठी संध्याकाळी दुकानात बसते. आम्हाला सल्ले देणारे बहुतेक जण आमची रिकामी बोट पाहून देतात. “एवढे मार्क आहेत, मग हे का नाही केलेस, ते का नाही केलेस?” त्यांचे आकडे चुकीचे नसतात. फक्त गोण्या घालायच्या राहिलेल्या असतात.

संक्रांत झाली. शेठनी पगार कापला नाही. पंख्याचे पैसेही दिले, मात्र दोन हप्त्यांत. होळीला मी मांडव्याला गेले, तेव्हा फलकावर ‘पंधरा’ पुसून ‘वीस’ लिहिलेले होते आणि बोटीला १६ चाच पंखा होता. १९ चा चकचकीत पंखा शेडमध्ये खिळ्याला टांगला आहे. त्याच्यासमोर पर्यटक फोटो काढतात. इतर बोटींवरची पोरे मामाकडे हिशेब विचारायला येऊ लागली, म्हणून त्याने मला त्या पुस्तकाची चार पाने सोप्या मराठीत लिहून द्यायला सांगितली. आत्याला अजून पटलेले नाही, पण ती पाने तिने स्वतःच्या हाताने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिली, समुद्राच्या हवेने भिजू नयेत म्हणून. ती आता शेडच्या भिंतीवर आहेत. त्यांत पिच आहे, फेरे आहेत, घसर आहे. पहिली ओळ मात्र पुस्तकातली नाही, मामाची आहे : “आधी माणसं मोजा.”